पर्डमच्या धक्क्यावरची टिर्झा

पर्डम गावी टेनेसी नदी ओलांडायची म्हणजे टिर्झाला हाक मारावी लागे. पलीकडच्या काठावरून हाक आली तरी ती लगेच उत्तर देत नसे. हातातलं काम खाली ठेवी, पाण्याकडे एकदा नीट बघे आणि मगच ओरडून सांगे, "येते," नाहीतर "दुपारनंतर या." दुपारनंतर म्हटलं की मग समोर न्यायाधीश असो की गुरांचा व्यापारी, त्याला दुपारपर्यंत झाडाखाली बसावंच लागे.

पडाव, म्हणजे माणसं-गुरं पार नेणारी सपाट तळाची नाव, गॅडिस मालकाचा होता. धक्क्यावरची वखार त्याची, वाण्याचं दुकान त्याचं, आणि टिर्झाही त्याचीच, कागदावर लिहून घेतलेली. पण नदी कुणाचं ऐकते हे गावाला ठाऊक होतं.

तिचा बाप आयसम त्याच पडावावर नावाडी होता. त्यानं तिला सात वर्षांची असल्यापासून सुकाणूपाशी उभं केलं होतं. तो म्हणायचा, "नदीशी भांडू नये, पोरी. तिला जायचंय तिकडं आधी थोडं जाऊ द्यावं, मग आपलं म्हणणं सांगावं." एका हिवाळ्यात तो तापानं गेला. तेव्हा टिर्झा एकोणीस वर्षांची होती. गॅडिसनं मोठ्या पगाराचा एक गोरा नावाडी आणला, त्यानं पंधरा दिवसांत पडाव वाळूच्या दांड्यावर चढवला. दुसरा आणला, त्यानं कुणाची तरी दोन खेचरं बुडवली. तेव्हा गॅडिसनं सुकाणू मुकाट्यानं टिर्झाच्या हातात दिलं. पुढं वीस वर्षं ते तिच्याच हातात राहिलं.

त्या वीस वर्षांत तिची दोन मुलं तान्ही असतानाच गेली. आणि एका शरद ऋतूत गॅडिसनं तिच्या नवऱ्याला विकलं. प्रायमस त्याचं नाव, पिंपं बांधायचं काम करायचा. मिसिसिपीकडे माणसं नेणारा व्यापारी अकरा जणांना एका साखळीत ओवून धक्क्यावर घेऊन आला, त्यात सातवा प्रायमस. नदी ओलांडून पश्चिमेला जायचं होतं आणि पडाव चालवणारी गावात एकच होती. त्या दिवशी पाणी शांत होतं. तिनं पडाव इतका सावकाश नेला की व्यापारी कुरकुरला. तिनं त्याला सांगितलं, "साहेब, आज पाण्याला ओढ आहे." ओढ नव्हती. तेवढा वेळ तिनं नवऱ्याला आणि स्वतःला मिळवून दिला. त्याहून जास्त काही तिच्या हाती नव्हतं. त्या दिवसानंतर पश्चिमेकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारी, "प्रायमस नावाचा पिंपवाला कुठं दिसला का?"

मग उत्तर आणि दक्षिणेची लढाई आली. अठराशे एकसष्ट सालच्या मे महिन्यात पर्डमची एक्केचाळीस पोरं दक्षिणेच्या फौजेचे करडे डगले घालून, ढोल वाजवत धक्क्यावर आली. सगळं गाव फुलं घेऊन जमलं. मिसेस युडोरा डॅब्नी, पोस्टमास्तरची विधवा, धक्क्याला लागून असलेल्या घरात राहायची. तिच्या तोंडाला गावातले कुत्रेसुद्धा भीत. ती कठड्याशी उभी राहून म्हणाली, "टिर्झे, जरा जपून ने. मुलांचे बूट भिजतील."

टिर्झानं दोर सोडता सोडता हळूच म्हटलं, "लढाईलाच निघालेत ना, बाईसाहेब? बुटांचं काय घेऊन बसलात."

मिसेस डॅब्नीनं तिच्याकडं रोखून पाहिलं. तिचा भाचा त्या एक्केचाळिसांत होता.

पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, एका सकाळी उत्तरेकडच्या वळणावर काळा धूर दिसला. नदीच्या खालच्या अंगाचा किल्ला उत्तरेच्या हाती पडल्याची बातमी दोन दिवस आधी आली होती. आता उत्तरेच्या तोफनौका नदी चढून वर येत होत्या. गॅडिस टोपी न घालताच धक्क्यावर पळत आला. त्याला असं पळताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"पडाव जाळ," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. त्यांच्या हाती लागता कामा नये."

"मालक, ओलं लाकूड आहे. जळायला अर्धा दिवस लागेल, आणि धूर बघून ते सरळ इथंच येतील. बुडवला तर?"

"मला काय विचारतेस? जाळ, बुडव, चुलीत घाल. मला तो पडाव आजपासून नको. नाव काढू नकोस त्याचं."

मिसेस डॅब्नी आपल्या ओसरीत शाल लपेटून उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं.

टिर्झानं पडाव ओढ्याच्या मुखाशी नेला. तिथं तळाला गाळ नव्हता, खडी होती, आणि पाणी दीड पुरुष खोल. ओबेड लोहार तिच्या मदतीला आला. एका पायानं अधू, रुंद छातीचा माणूस. तो दुसऱ्या मालकाचा गुलाम होता. दोघांनी पडावात धोंडे भरले, तळाची बुचं काढली, आणि काठावर उभं राहून पडाव सरळ, न कलंडता खाली जाताना पाहिला.

"असा अलगद कशाला बुडवतेस?" ओबेडनं विचारलं. "जीव असल्यासारखा?"

"पाण्यात लाकूड कुजत नाही," ती म्हणाली. "उन्हात तडकतं."

ओबेडनं तिच्याकडं पाहिलं. त्याला समजलं होतं.

तोफनौकांनी वखारीवर चार गोळे टाकले, शिपायांनी उतरून मांस आणि कोंबड्या नेल्या आणि ते वर निघून गेले. त्या दिवसापासून पर्डम कुणाचंच राहिलं नाही. आठवडाभर उत्तरेचे निळे डगलेवाले, पुढचा आठवडा करडे, आणि मधल्या दिवसांत कुठलाच डगला नसलेले बंदूकवाले, ते सगळ्यांत वाईट. कुंपणाच्या फळ्या सरपणात गेल्या. चर्चची घंटा कुणी तरी वितळवायला नेली. मीठ मिळेना, तेव्हा बायकांनी मांस धुरवायच्या खोल्यांमधली जमीन खणून, वर्षानुवर्षं मीठ झिरपलेली ती माती उकळून मीठ काढलं. कॉफीच्या नावानं भेंडीच्या भाजलेल्या बिया उकळून प्यायल्या.

एप्रिलमध्ये गॅडिसनं दक्षिणेला पळायचं ठरवलं. दुकानातला माल, चांदीची भांडी आणि आपली माणसं, सगळं अलाबामात सुरक्षित न्यायचं. गाड्या सकाळी निघायच्या होत्या. टिर्झानं मक्याच्या भाकरी फडक्यात बांधल्या, भांडं घ्यायला म्हणून नदीकडं गेली आणि तशीच वेळूच्या बनात शिरली.

नऊ दिवस ती त्या बनात राहिली. गुडघाभर चिखल, डास आणि पाणसाप. कुत्री आणली तेव्हा ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली, नाक तेवढं वर. काठावरून गॅडिसची हाक ऐकू येत होती, "टिर्झे, बाहेर ये. मी काही करणार नाही तुला." वीस वर्षं हाकेला ओ देत आलेली ती बाई. त्या हाकेला तिनं ओ दिली नाही. चौथ्या दिवशी गाड्या तिच्याविना निघाल्या. ती आणखी पाच दिवस तिथंच राहिली, कारण गॅडिस मागं फिरेल असं तिला वाटत होतं. बाहेर आली तेव्हा तिच्या पायांची कातडी सोलून निघत होती. ओबेडला त्याच्या मालकानं लंगडा म्हणून मागंच टाकलं होतं. त्यानं भट्टीच्या मागं तिला निजायला जागा दिली आणि काकवी घालून मक्याची पेज दिली.

"आता तू कुणाची?" त्यानं विचारलं.

"बघते," ती म्हणाली. "आधी पाय बरे होऊ देत."

सप्टेंबरात नदी सगळ्यांत खाली गेली, तेव्हा तिनं पडाव वर काढला. ओबेड, आणि आसपासच्या मळ्यांतून पळून आलेले आठ जण. धोंडे एकेक करून बाहेर, मग बुचं बसवून पाणी उपसायचं. तीन दिवस लागले. फटी भरायला कापूस हवा होता आणि कापसाची त्या वर्षी काय वाण. बाजार बंद, वखारीत गठ्ठे कुजत पडलेले. कापूस ठासला, वर पाइनची राळ ओतली. चौथ्या दिवशी पडाव तरंगला. मिसेस डॅब्नी ओसरीतून बघत होती. तिनं विचारलं, "कुणाच्या हुकमानं काढलास गं हा?"

"कुणाच्याच नाही, बाईसाहेब."

"हं," मिसेस डॅब्नी म्हणाली. ती ओसरीच्या पायरीपर्यंत आली. मग म्हणाली, "पलीकडं मीठ मिळतं म्हणतात."

"आणीन."

पश्चिमेच्या काठापासून सहा मैलांवर उत्तरेच्या फौजेचं ठाणं होतं. पूर्वेकडच्या मळ्यांमधून माणसं पळून यायची, एकटी, जोडीनं, पोरं पाठीशी बांधून. पहाटेच्या धुक्यात ती धक्क्याखालच्या ओढ्याशी उभी असायची. टिर्झा त्यांना पलीकडं उतरवायची. बंदूकवाल्यांनी दोनदा पडाव अडवला. एकदा तिला चाबकानं मारलं, ते वळ जन्मभर राहिले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा सुकाणूपाशी होती. त्या दीड वर्षात किती माणसं नेली असं पुढं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मोजत नव्हते. पाणी बघत होते." पलीकडच्या काठावर त्या माणसांच्या खोपटांची एक वस्तीच उभी राहिली. मका पेरला गेला, एक शाळा सुरू झाली, झाडाखालीच.

मग चौसष्ट सालचा मार्च आला. त्या वर्षी पाऊस थांबेना. नदी धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढली, आणि गावामागच्या दलदलीत पाणी शिरून पर्डमचं बेट झालं. मागचा रस्ता छातीइतक्या पाण्याखाली गेला. अशातच बंदूकवाल्यांची एक टोळी घोडी पोहवत वखारीत येऊन लपली आणि समोरून जाणाऱ्या उत्तरेच्या रसदेच्या आगबोटीवर टोळीतल्यांनी गोळ्या झाडल्या. सुकाणूवरचा माणूस जागीच गेला. टोळी आली तशी निघून गेली. गाव मागं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास उत्तरेची तोफनौका येऊन धक्क्यासमोर उभी राहिली. एक अधिकारी होडीतून उतरला. पोरसवदा, चष्मेवाला, सर्दीनं नाक लाल झालेलं. त्यानं कागद वाचून दाखवला: गावातून बोटीवर गोळीबार झाला, म्हणून गाव जाळण्यात येईल, दोन तासांत रहिवाशांनी बाहेर पडावं. जमलेल्या बायका नुसत्या बघत राहिल्या. गावात तेव्हा दीडशेच्या आसपास माणसं उरली होती, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. टिर्झा पुढं झाली.

"साहेब, बाहेर म्हणजे कुठं?"

"रस्त्यानं."

"रस्ता पाण्याखाली आहे. हा इथं बोर्डाचा खांब दिसतोय ना, त्याच्या पलीकडं माझ्या छातीइतकं पाणी आहे. आज वारा पश्चिमेचा. वखार पेटली की अर्ध्या तासात गाव पेटेल, आणि मागं दलदल. तुम्हाला घरं जाळायची आहेत की माणसं?"

अधिकाऱ्यानं रुमालानं नाक पुसलं. "तू कोण?"

"पडाव चालवणारी बाई."

"कुणाच्या मालकीची?"

"त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तो अलाबामात आहे."

त्याच्यामागचा एक काळा खलाशी हसला आणि मग त्यानं तोंड आवरलं. अधिकाऱ्यानं मागं वळून खांबाकडं पाहिलं, पुराच्या पाण्याकडं पाहिलं. "हुकूम बदलायचा अधिकार मला नाही," तो म्हणाला. "वेळ बदलू शकतो. बारा वाजेपर्यंत. बाराच्या ठोक्याला पेटवणार."

"एका फेरीला पाऊण तास लागतो या पाण्यात," टिर्झा म्हणाली. "सहा फेऱ्या. जेमतेम बसतं." मग ती गावाकडं वळली.

गावानं तिचा तो आवाज आजवर फक्त पाण्यापलीकडून ऐकला होता. "ज्यांना चालता येत नाही ते आधी. मग तान्ही आणि त्यांच्या आया. मग बाकीचे, जसे रांगेत उभे राहाल तसे. मांडीवर मावेल तेवढंच सामान. चार वल्ह्यांना आठ माणसं लागतील, ओबेड आहे, बाकी कोण?"

कुणी हललं नाही. पाद्र्याची बायको म्हणाली, "आम्हाला कुठं येतं वल्हवायला?"

"केर काढता येतो ना? तसंच ते, नुसतं जास्त जड."

पहिल्या फेरीला अंथरुणाला खिळलेले सहा जण दारांच्या फळ्यांवर निजवून आणले. त्यात न्यायाधीशाचा लकवा झालेला म्हातारा बाप होता आणि त्याच्या शेजारच्या फळीवर त्याच्याच घरची जुनी काळी स्वयंपाकीण, नव्वदीची. कुणीतरी कुजबुजलं की या दोघांना शेजारी कसं ठेवायचं. टिर्झा म्हणाली, "वजन सारखं आहे. पडाव कलणार नाही."

ती काठाकाठानं, मागं फिरणाऱ्या पाण्याच्या आधारानं पडाव पाव मैल वर न्यायची. मग नाक किंचित पश्चिमेला वळवून धारेत सोडायची, आणि धारच त्यांना तिरकं पलीकडं नेऊन घाली. वल्ही मारणाऱ्या बायकांना वाटे आपण खाली वाहत चाललो. त्या रडकुंडीला येत, आणि नेमक्या उताराच्या जागी पडाव वाळूला लागे. तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांचे तळहात सोलून निघाले होते. पेटिकोट फाडून त्यांनी हातांना चिंध्या बांधल्या आणि पुन्हा वल्ही धरली.

चौथ्या फेरीला मिसेस डॅब्नीची पाळी आली. तिच्याबरोबर तिचं उभं घड्याळ होतं, माणसाहून उंच, दोघा म्हाताऱ्यांकडून उचलून आणलेलं. तिच्या नवऱ्यानं लग्नात दिलेलं.

"बाईसाहेब, ते राहू दे."

"हे मी सोडणार नाही. हे सोडून मी येणारही नाही."

"त्याला पोहता येतं?"

"काहीतरीच काय विचारतेस."

"ते दोन माणसांची जागा घेतं. मागं उभी आहेत ती दोन तुम्ही मला दाखवा, कुठली ठेवू. मी त्यांना सांगते."

मिसेस डॅब्नीनं मागं वळून पाहिलं. रांगेत शिंप्याच्या दोन मुली एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. तिनं घड्याळाच्या काचेवरून एकदा हात फिरवला, दार उघडून लंबक काढून घेतला, शालीत गुंडाळला आणि पडावात चढली. मग एका दमलेल्या बाईच्या हातातून तिनं वल्हं काढून घेतलं. साठी उलटलेली ती बाई, उरलेल्या तिन्ही फेऱ्यांना वल्ह्यावरून उठली नाही.

पाचव्या फेरीला मधल्या धारेत एक झाडाचं अख्खं खोड मुळांसकट पडावाच्या अंगावर आलं. ओबेड ओरडला, "डावीकडं घे, डावीकडं." टिर्झानं उलट केलं. तिनं पडाव खोडाच्याच दिशेनं फिरवला, त्याच्याबरोबर शंभर हात खाली वाहू दिला, जसं काही दोघं मिळून चालले आहेत, आणि मग हळूच बाजूला काढला. मुळं फळीला घासून गेली. एक वल्हं मोडलं. टिर्झा म्हणाली, "आता वल्ही मारा."

सहाव्या फेरीला रांगेत बावीस जण उरले होते आणि चर्चच्या घड्याळात बारा वाजत आले होते. शेवटचा माणूस पडावात पाय टाकत असताना वखार पेटली. राळेची पिंपं फुटल्याचे आवाज आले, वाऱ्यानं ठिणग्या छपरांवर नेल्या. पडाव मधल्या धारेत पोहोचला तेव्हा मागं गाव पेटलं होतं. कुणी मागं बघत होतं, कुणी नाही. टिर्झा पाणी बघत होती. शेवटच्या खेपेचा किनारा लागला तेव्हा तिला सुकाणूवरून बोटं सोडवता येईनात. ओबेडनं एकेक करून ती सोडवली.

दीडशे माणसांतलं एकही गेलं नाही.

पलीकडच्या वस्तीतली माणसं काठावर आली होती. त्यांच्यात सीली नावाची बाई होती. दीड वर्षापूर्वी ती ज्या घरातून पळाली त्या घरची मालकीण, मिसेस हॅस्क्यू, आता तिच्यासमोर ओल्या वाळूत, लेकराला छातीशी धरून बसली होती. सीलीच्या हातात भाकऱ्यांची टोपली होती. ती दोन पावलं पुढं आली. मग तिनं एक भाकरी मोडून लेकराच्या हातात दिली, टोपली खाली वाळूत ठेवली आणि निघून गेली. मिसेस हॅस्क्यूनं थोड्या वेळानं स्वतःच हात घालून एक तुकडा घेतला.

लढाई उत्तरेनं जिंकून संपली आणि गुलाम मोकळे झाले. एक्केचाळिसांतले नऊ परत आले. मिसेस डॅब्नीचा भाचा त्यांत नव्हता. आणि पासष्टच्या उन्हाळ्यात गॅडिसही परतला, वाळलेला, एका खेचरावर. जळक्या धक्क्याशी पडाव बांधलेला पाहून त्याचे डोळे चमकले. त्यानं पडाव मागितला. टिर्झानं दिला नाही. प्रकरण सरकारी अधिकाऱ्यापुढं गेलं. कचेरी जळाली होती, म्हणून तो सायकॅमोरच्या झाडाखाली टेबल टाकून बसायचा. निम्मं गाव जमलं.

गॅडिस म्हणाला, "पडाव माझ्या वडिलांपासूनचा. ही माझी नोकर होती."

"मी गुलाम होते," टिर्झा म्हणाली. "नोकर आपल्या मनानं येतो. आणि मालक म्हणाले होते, जाळ. मला तो नको म्हणाले. मी टाकलेली वस्तू पाण्यातून काढली."

"मी असं काही म्हणालो नव्हतो."

"म्हणालात," मागून आवाज आला. मिसेस डॅब्नी काठी टेकत पुढं आली. "जाळ, बुडव, चुलीत घाल, असं म्हणालात. तुमच्या डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती. मी माझ्या ओसरीत उभी होते. आता ती ओसरी नाही, पण कान आहेत."

लोक हसले. गॅडिसचे कान लाल झाले. "युडोरा, तू आमच्यातली आहेस."

"मी त्या पडावातून आलेली आहे," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता तेव्हा."

अधिकाऱ्यानं पडाव टिर्झाच्या नावावर लिहायला घेतला आणि विचारलं, "आडनाव?" कितीतरी जण तेव्हा जुन्या मालकाचंच आडनाव लावत होते. तिनं बापाचं नाव घेतलं. "आयसम," ती म्हणाली. "टिर्झा आयसम." त्यानं ते कसं लिहायचं विचारलं. तिला लिहिता येत नव्हतं. "ऐकू येतं तसं लिहा," ती म्हणाली, "पण पक्क्या शाईनं."

त्यानंतरही ती पश्चिमेकडून येणाऱ्यांना विचारत राहिली. सदुसष्टच्या वसंतात एका पिंपवाल्यानं तिला सांगितलं की प्रायमस व्हिक्सबर्गजवळ खंदक खणायला नेलेल्यांत होता आणि तिथं फौजेचा वेढा पडला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तापानं गेला. त्यानं प्रायमसच्या डाव्या हाताच्या तुटलेल्या करंगळीची खूण सांगितली, तेव्हा तिचा विश्वास बसला. तिनं त्या माणसाला पलीकडं उतरवलं, परत आली, पडाव बांधला आणि दोन दिवस हाकेला ओ दिली नाही. गाव थांबलं. वाट बघणाऱ्यांत कुणीही आवाज चढवला नाही. तिसऱ्या दिवशी ती पाण्यावर होती.

पुढं तिनं ओबेडशी लग्न केलं. गाव पुन्हा बांधलं गेलं, पहिल्याइतकं मोठं नाही. गोरे लोक तिला टिर्झामावशी म्हणत. तिच्या वयाच्या कुठल्याही काळ्या बाईला म्हणत तसं. मिसेस डॅब्नी एकटी तिला मिसेस आयसम म्हणे, चारचौघांत, मुद्दाम मोठ्यानं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी भुवई उंचावली तर त्याच्याकडं काठी रोखे. याचा अर्थ दोघी मैत्रिणी झाल्या असा नाही. एका टेबलाशी त्या कधी बसल्या नाहीत. मिसेस डॅब्नी वारली तेव्हा तिची शवपेटी पलीकडच्या दफनभूमीत न्यायची होती, तिथं तिच्या भाच्याच्या नावाचा दगड होता. टिर्झानं पडाव धुऊन घेतला आणि सावकाश नेला.

एकोणनव्वद साली नदी पार करायला वाफेची बोट आली. कंपनीनं धक्का नवा केला, कप्तान नवा आणला. टिर्झा तेव्हा सत्तरीला टेकली होती. तिनं पडाव विकला नाही, ओढ्यात बांधून ठेवला. महिनाभरानं तिला पलीकडं जायचं होतं, म्हणून ती इतरांसारखी तिकीट काढून त्या बोटीत चढली आणि कप्तानाच्या सुकाणूच्या चाकाजवळ उभी राहिली.

मधल्या धारेत आल्यावर ती कप्तानाला म्हणाली, "जरा वर घ्या. यंदाच्या पुरानं वाळूचा दांडा खाली सरकलाय."

"नकाशात नाही, मावशी."

"नदीत आहे."

कप्तान हसला. बोट शंभर हात पुढं गेली, खाली खर्रकन आवाज आला आणि ती थांबली. शिट्ट्या झाल्या, वाफ सोडली, चाक मागं फिरवलं, पण ती हलेना. उतारू कठड्याशी जमून ओरडू लागले. टिर्झा एका गोणीवर बसली. पाणी कितीनं चढतंय ते तिनं बघितलं, म्हणाली, "दोन तास लागतील." मग फडक्यातली मक्याची भाकरी सोडली आणि अर्धी मोडून कप्तानापुढं धरली.

"घ्या," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी मीपण पडाव वाळूवर चढवला होता."

ते खरं नव्हतं. पण कप्तानानं भाकरी घेतली आणि तिच्याशेजारी बसून खाल्ली. त्यानंतर तो त्या नदीवर सतरा वर्षं होता, आणि ती जिवंत असेपर्यंत दर पुरानंतर, दांडा कुठं सरकला ते विचारायला, टोपी हातात घेऊन तिच्या दारात यायचा.